आठ नंबरची सुई आणि मुरमाडीचा नळ

मी सुई बोलतेय. थांबा, दोरा शोधू नका! मला नेढं नाही आणि मी शिवतही नाही. मी लोकर विणायची सुई आहे. वीतभर लांब, सरळ, पोलादी. एक टोक अणकुचीदार आणि दुसऱ्या टोकाला मटाराच्या दाण्याएवढी टोपी, तिच्यावर आठचा आकडा कोरलेला. आत्ता या क्षणी मी कौशल्याबाईंच्या अंबाड्यात खोचलेली आहे आणि त्या मुरमाडीच्या टेकडीवर सकाळच्या रांगेत उभ्या आहेत. रांग पुढे सरकेपर्यंत मला बोलायला वेळ आहे.

तुम्ही म्हणाल, वैशाखात जिथे चिमणीसुद्धा चोच उघडी ठेवून बसते त्या नागपुरात लोकरीच्या सुईचं काम काय? अगदी हाच प्रश्न यमुताईंनी पहिल्या दिवशी विचारला होता. सांगते.

माझा जन्म विलायतेतला. तारेच्या एका कारखान्यात लांबलचक तार तोडून, घासून, चकचकीत करून आम्हांला बनवलं गेलं. आम्हांला म्हणजे मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला. विणायच्या सुया एकट्या जन्मत नाहीत, जोडीनेच जन्मतात. मँचेस्टरच्या एका म्हाताऱ्या घरमालकिणीने आम्हांला विकत आणलं आणि आम्ही दोघी चार वर्षं तिच्या हातात खेळलो. मोजे, गळपट्टे, नातवंडांच्या टोप्या! एक टाका तिचा, एक माझा. बाहेर सदा धुकं, आत शेगडी आणि आमची टकटक. मला वाटायचं, जग एवढंच असतं.

त्या घराच्या माडीवर नागपूरचा एक तरुण राहायला आला. त्याचं नाव शरच्चंद्र. नळ, टाक्या, शहराचं पाणी यांची इंजिनिअरी तो शिकत होता. अंगाने किडकिडीत, पण बोलायला लागला की हातवारे असे करी की चहाचा कप दूर ठेवावा लागे. त्याच्या वर्गात लहान नमुने करून दाखवावे लागत. त्यासाठी त्याला कागदाच्या बारीक नळ्या हव्या होत्या. एके दिवशी तो खाली आला आणि त्याने म्हातारीकडे एक सुई मागितली.

तिने मला उचललं. बहिणीला नाही, मला! तेव्हा मी रुसले होते. आज म्हणते, नशीब माझं!

त्याने कागदाची पट्टी घेतली, तिची कड माझ्या अंगावर टेकवली आणि चामड्याच्या जाड तुकड्यावर मला तळव्याखाली फिरवलं. विणताना मी फक्त पुढे-मागे जायची. इथे आयुष्यात पहिल्यांदा मी गरगर फिरले! एक वेढा, दुसरा, तिसरा. शेवटच्या कडेला खळ लावली, मला टोपीकडून धरून हळूच ओढलं, आणि मागे उरली एक इवलीशी, गोल, उभी राहणारी पुंगळी. अंगठ्याने दाबली तर चपटी होईल, पण उभी ठेवून वर जाड पुस्तक ठेवलं तर पेलेल! कागद तोच, पण वळला की त्याच्या अंगात बळ येतं. मला तर वेडच लागायचं बाकी राहिलं.

शिक्षण संपवून तो निघाला तेव्हा म्हातारीने मला त्याच्या खिशात टाकलं. जोडी तुटली. बहीण तिकडेच कुठल्यातरी खणात राहिली.

आगबोट, मुंबई, आगगाडी. आणि एकोणीसशे एकोणचाळीसच्या चैत्रात मी धरमपेठेतल्या एका छोट्या घराच्या व्हरांड्यात येऊन पडले.

घरात शरच्चंद्राची थोरली बहीण यमुताई. आई-वडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. तिने ट्रंक उघडली, पुस्तकं बाजूला सारली आणि तळाशी मी सापडले.

"हे काय रे? लोकर विणायची सुई? आता नागपूरच्या उन्हाला स्वेटर घालणार आहेस का?"

"ताई, हिच्यावर मी नळ करणार आहे."

"तीन वर्षं विलायतेत राहून आलास आणि सुईवर नळ करणार! लोकांना काय सांगू मी?"

"लोकांना सांग, मुरमाडीला पाणी येणार!"

मुरमाडी म्हणजे नाल्यापलीकडची ही उंच मुरमाची टेकडी. वर विडीवाल्यांची शंभरेक घरं. वर एकच विहीर आणि ती होळीनंतर तळ दाखवायची. मग बायका टेकडी उतरून, नाला ओलांडून, अलीकडच्या विहिरीवर यायच्या आणि भरलेल्या घागरी घेऊन तोच चढ चढायच्या. दिवसातून तीनदा. शरच्चंद्राने हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण परत आल्यावर संध्याकाळी फिरायला गेला आणि ती चढणारी रांग पाहून जागच्या जागी थबकला. घरी येऊन जेवलाच नाही.

पश्चिमेच्या उंच टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती. तिथून नळ मुरमाडीला न्यायचा, तर मध्ये नाला. नाल्यावरून न्यायचा तर दगडी खांब हवेत, आणि खांबांचं काम कमिटीने दोन वेळा लांबणीवर टाकलेलं. शरच्चंद्र म्हणाला, खांब हवेत कशाला? नळ नाल्यात उतरवा, तळाखालून न्या आणि पलीकडे वर काढा. टाकी मुरमाडीपेक्षा उंच आहे, पाणी आपलं आपण चढेल!

पाणी कमिटीचे वामनराव हसले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सरळ माणूस, पण मान्य करायला जड.

"चिरंजीव, पस्तीस वर्षं मी पाणी उताराने जाताना पाहतोय. नाल्यात उतरलेलं पाणी पुन्हा चढवायला शिडी लावणार का?"

"नमुना करून दाखवतो."

"दाखव. पण रबराची नळी आणू नकोस. रबर दाबून कोणीही काहीही दाखवतं. खरा नळ तुकडे जोडून करतात ना? तसा तुकडे जोडून दाखव. सभा अकरा दिवसांवर आहे. त्यानंतर दिवाळीपर्यंत विषय बंद."

काचेच्या नळ्या मुंबईहून मागवायच्या तर महिना जाणार. म्हणून माझी आठवण झाली!

दुसऱ्या दिवशी त्याने न्हाणीघराचं दार काढून व्हरांड्यात आडवं टाकलं. त्यावर माती आणि मुरूम थापून एका टोकाला टाकीची टेकडी, मध्ये नाला, दुसऱ्या टोकाला मुरमाडी. यमुताईंनी न्हाणीघराला जुनं लुगडं लावलं आणि दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

मग पुंगळ्या. चार चार बोटं लांबीच्या साठ तरी हव्या होत्या. त्याने बदामी कागद कापला, खळ शिजवली आणि मला फिरवायला घेतलं. अहो, काय फजिती! मँचेस्टरच्या दमट हवेत खळ वाळायला घटकाभर लागायची. इथे उन्हाची झळ आली की वेढा पुरा व्हायच्या आतच ती वाळे. कागद माझ्या अंगाला असा चिकटे की ओढला की फाटे. सकाळपासून दुपारपर्यंत चौदा पुंगळ्या झाल्या, त्यातल्या अकरा फाटल्या. माझ्या अंगावर वाळलेल्या कागदाचे पोपडे. विलायतेत शिकलेलं सगळं जणू उन्हाने खाऊन टाकलं.

त्याच दुपारी कौशल्याबाई आल्या. मुरमाडीच्याच. वळलेल्या विड्या सुपात घेऊन त्या सीताबर्डीला पोचवायला जात आणि येताना यमुताईंच्या व्हरांड्यात घडीभर टेकत. यमुताई त्यांना गडूभर पाणी देत. त्या दिवशी पाणी पिता पिता त्यांची नजर आमच्यावर पडली.

"काय करून राहिले, साहेब?"

"पुंगळ्या."

"हे वं माय! इतके शिकले आन् पुंगळ्या?"

"तेच म्हणते मी," यमुताई आतून म्हणाल्या.

"तुमच्या मुरमाडीला पाणी आणायचंय, त्याच्यासाठी," शरच्चंद्र म्हणाला.

कौशल्याबाईंचं हसू थांबलं. "काहून थट्टा करता गा गरिबाची? माह्या देवकीचा पाय मागच्या वैशाखात त्याच उतारावर मोडला. घागर फुटली ते फुटली, पोट्टी अजून लंगडते. कागदातून पाणी येते का कधी?"

"हे खोटं पाणी आलं तर खरं येईल, बाई. कमिटीला दाखवायचं आहे. अकरा दिवसांतले तीन गेले, आणि माझ्या पुंगळ्या फाटतात."

त्याचा आवाज असा बसला होता की त्यांना तो खरा वाटला असावा. पण मला वाटतं, त्यांना खरं राहवलं नाही ते त्याच्या हातांकडे पाहून. वीस वर्षं विड्या वळणाऱ्या बाईला कोणी वाकडीतिकडी पुंगळी वळताना पाहवेल का?

"द्या इकडे."

त्यांनी मला हातात घेतलं. काय सांगू! म्हातारीची बोटं मऊ होती, शरच्चंद्राची घाईची. ही बोटं हलकी, कोरडी, खरखरीत आणि पक्की. त्यांनी आधी माझ्या अंगावरचे पोपडे नखाने काढले.

"पान आमी रातभर भिजवतो, मंग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. कोरडं पान कोनी वळते का? आन् हा कागद तर उन्हात टाकला तुमी, पापडासारखा!"

फडकं ओलं झालं, कागद त्यात गेला. मग त्यांनी एक तुकडा तळव्यावर ठेवला. ओला कागद आपोआप एका बाजूने वळू लागला.

"हे पाहा. पानाले शीर असते तशी यालेही आहे. ज्या अंगानं तो सोता वळते त्या अंगानंच वळवा. उलटं केलं का तडकते."

शरच्चंद्र डोळे विस्फारून पाहत राहिला. मलाही ठाऊक नव्हतं, इतकी वर्षं कागदाच्या मिठीत राहून! त्याच्या टेबलावर मेणबत्ती होती, ती उचलून त्यांनी माझ्या अंगावरून दोनदा फिरवली. "आता चिकटनार नाही." आणि अंगठ्याने दाबायचं सोडून त्यांनी मला चार बोटांच्या टोकांवर नुसतं चालवलं. एक वेढा, दोन, तीन, खळीचं बोट, आणि मी बाहेर! पुंगळी माझ्यावरून लोण्यासारखी सुटली.

"ताई!" शरच्चंद्र ओरडला. "ताई, बाहेर ये! हे बघ!"

"पुंगळीच ना?" यमुताई म्हणाल्या. पण आल्या.

मग ठरलं. कौशल्याबाई मला, कागद आणि खळ घरी नेतील आणि फावल्या वेळात साठ पुंगळ्या वळून आणतील. त्यांनी मला अंबाड्यात खोचलं, सूप कमरेवर घेतलं आणि चालू लागल्या. त्या दिवशी मी नाला ओलांडला. तो चढ मी त्यांच्या डोक्यावरून पाहिला. पायाखालून मुरूम कसा सरकतो, मान कशी ताठ धरावी लागते, छाती कशी भरून येते! दाराशी लंगडत येऊन देवकीने सूप घेतलं. तेव्हापासून मी सुई राहिले नाही. मी मुरमाडीची झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामाला सुरुवात केली. पहिल्या चार पुंगळ्या सरळ झाल्या. मग शेजारणी आल्या, गप्पा रंगल्या, आणि मला एकदम काहीतरी वेगळं जाणवलं. कागद माझ्या टोकाकडे घट्ट बसत होता आणि टोपीकडे सैल. तिरपा चालला होता!

अहो बाई, ही विडी नाही! मी ओरडत होते. पण सुईचा आवाज कोण ऐकतो? एकीकडे निमुळती, दुसरीकडे फुगीर, अशी पुंगळीमागून पुंगळी सुपात पडत होती. हाताला वीस वर्षांची सवय. आणि पुढे तर कहर! मला बाहेर काढलं की त्या निमुळतं तोंड लोखंडी खिळ्याने आत दुमडून टाकत. तंबाखू सांडू नये म्हणून! तंबाखूच नाही तिथे!

दोन दिवसांनी त्यांनी सूप व्हरांड्यात ठेवलं. पंचवीस पंचवीसचे दोन गठ्ठे, लाल दोऱ्याने बांधलेले, आणि वर दहा सुट्या.

शरच्चंद्राने एक उचलली. पालथी केली. फुंकर मारून पाहिली. हवा जाईना.

"कौशल्याबाई, या विड्या आहेत!"

"हाव? पाहू." त्यांनी पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! हात गेला ना गा वळणावर."

आतून यमुताईंचं हसू ऐकू आलं. शरच्चंद्र मात्र हसला नाही. सभा पाच दिवसांवर आली होती.

"एक गोष्ट सांगितली होती. सरळ वळा. एवढं साधं काम!"

कौशल्याबाई सावकाश उठल्या. अंबाड्यातून मला काढून त्यांनी खाली ठेवलं. टणकन आवाज झाला.

"साधं काम, हाव. घ्या तुमची सुई. तुमच्या साध्या कामापायी दोन दिवस बिड्या कमी वळल्या मी. पाणी तुमी घरी बसून पेता, म्हणून जीभ अशी चालते."

त्याचं तोंड पांढरं पडलं. यमुताई दारात आल्या होत्या, त्यांच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलं. कौशल्याबाई रागाने सूप आवरायला वाकल्या. पण विडीवाल्या बाईची बोटं रागातही रिकामी राहत नाहीत. एका पुंगळीचं निमुळतं तोंड दुसरीच्या फुगीर तोंडात त्यांनी सहज सारलं. मग तिसरीत. तीन पुंगळ्यांची एक काठी झाली आणि ती त्यांनी त्याच्यासमोर आपटली.

आपटली, पण सुटली नाही!

शरच्चंद्र काठीकडे पाहत राहिला. उचलली. झटकली. ओढली. मग एकदम उडी मारून उभा राहिला, इतक्या जोरात की खळीचं भांडं लवंडलं.

"बाई! अहो बाई! लोखंडाचे खरे नळ असेच ओततात! एक तोंड मोठं, एक लहान! एकात एक बसतं! मी तीन वर्षं हेच शिकलो आणि पुंगळ्या मात्र सरळ मागितल्या! सरळ पुंगळ्या जोडल्या कशा असत्या मी? कपाळाने?"

"छपरावरच्या कवेलूसारख्या बसतात," कौशल्याबाई अजून घुश्शातच होत्या. "वरचं कवेलू खालच्यावर. मोठं तोंड पाणी येते तिकडे ठेवा, म्हणजे गळनार नाही. घर नाही शाकारलं का कधी?"

"नाही शाकारलं. चुकलं माझं, बाई." त्याने खरंच हात जोडले. "साधं काम म्हणालो, चुकलं."

"मंग दुमडलेलं तोंड कातरून टाका," असं म्हणून त्या खाली बसल्या. यमुताईंनी कातरी आणली आणि त्याही बसल्या! तीन माणसांनी आणि मी मिळून त्या दुपारी पंचावन्न तोंडं उघडली; पहिल्या चार सरळ होत्या, त्या बाजूला ठेवल्या. साठावी पुंगळी सुपाच्या विणीत अडकून राहिली होती, ती कोणाला दिसली नाही. मला दिसली होती.

मग मेण वितळवून पुंगळ्या त्यात बुडवल्या. वाळल्यावर काचेसारख्या टणक झाल्या. एकात एक सारून सांध्यांवर मेण ओतलं. टाकीच्या टेकडीवर पत्र्याचा डबा, त्याच्या तळातून निघालेला नळ नाल्यात उतरला, वाळूखालून गेला आणि मुरमाडीच्या माथ्यावर चढला. फाटे नालाकाठच्या घरांकडे गेले, त्यांची टोकं मेणाने बुजवली. काय रूप होतं! मला तो नळ म्हणजे मी विणलेलं सगळ्यांत लांब वस्त्र वाटत होतं.

सभेच्या सकाळी शरच्चंद्र आणि कौशल्याबाईंचे यजमान कवडू यांनी ते दार खांद्यावर घेतलं. धूळ बसू नये म्हणून यमुताईंनी वरून पांढरी चादर टाकली. धरमपेठ ते सीताबर्डी, सगळ्या रस्त्यावर लोक बाजूला होत, टोपी काढत, हात जोडत. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन गेलं गा?"

"जाते कोन? पाणी येऊन राहिलं!" कवडू ओरडला. म्हातारा बराच वेळ तसाच उभा होता.

कौशल्याबाईंच्या हातात पाण्याची घागर आणि काखेत सूप. म्हणून मी अंबाड्यात.

शाळेच्या मोठ्या खोलीत कमिटी बसली होती. वामनरावांनी चष्मा पुसून सगळं बारकाईने पाहिलं. नळाचे सांधे मोजले. रबर कुठे लपवलंय का म्हणून वाळूत बोटही घातलं. मग म्हणाले, "हं. घाल पाणी."

पाणी डब्यात पडलं. आत पाणी चाललंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. एका सांध्यावर थेंब चमकला. मग नाल्यातल्या वाळूचा रंग थोडा गडद झाला. गळतंय! शरच्चंद्राच्या ओठांवर घाम आला. आणि मग मुरमाडीच्या माथ्यावर, नळाच्या उघड्या तोंडाशी, एक थेंब फुगला. पडला. दुसरा. तिसरा.

"आलं!" कौशल्याबाई म्हणाल्या.

"थेंब थेंब," वामनराव म्हणाले. त्यांनी नळाखाली बोट धरलं. "आणि यात नवल ते काय? समईतलं तेल वातीतून चढतंच की. हा कागद आहे. कागदानं पाणी शोषलं आणि वर नेलं. लोखंड शोषेल का? खऱ्या नळाला हे लागू नाही, चिरंजीव."

सगळी कमिटी माना डोलावू लागली. वातीचा दाखला घरोघरचा, कोणालाही पटणारा. शरच्चंद्र बोलायला लागला. दाब, उंची, घर्षण. हात हवेत, शब्द अर्धे इंग्रजी. जितका तो तळमळीने बोलत होता तितके चेहरे बंद होत होते. कारकुनाने विषय संपल्याची रेघ मारायला टाक दौतीत बुडवला.

दिवाळीपर्यंत! आणखी एक पूर्ण उन्हाळा तो चढ!

मी पाहत होते, कौशल्याबाई सूप चाचपत होत्या. त्यांच्या बोटांना ती साठावी पुंगळी लागली. दुमडलेल्या तोंडाची. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, क्षणभर थांबल्या आणि वाकून पुढे झाल्या.

"साहेब, वात तेल वर नेते, हाव. पण वात उडी मारते का?"

"म्हणजे?" वामनराव म्हणाले.

"आमच्या बंबाच्या तोटीले बोट लावलं का पाणी बोटाले ढकलते. वात ढकलते का?" आणि त्यांनी पुंगळीचं मोठं तोंड मुरमाडीच्या नळावर चढवलं, मेणाचा गोळा दाबला. आता नळ पुढून बंद. थेंब थांबले. शरच्चंद्राच्या डोळ्यांत लख्ख उजेड पडला. वाहून जाणारं पाणी वाटेतच दमतं, पण अडवलं की टाकीची सगळी उंची त्याच्या पाठीशी उभी राहते! त्याने डबा काठोकाठ भरला.

"आता?" तो म्हणाला.

"आता हे." त्यांचा हात अंबाड्याकडे गेला. मला ओढून काढलं. केस मोकळे झाले, त्यांनी लक्ष दिलं नाही. माझं टोक पुंगळीच्या पाठीवर टेकलं.

विलायतेतून निघाले, जोडी तुटली, उन्हात चिकटले, फिरले, फिरले, हजार वेढे फिरले, ते या एका क्षणासाठी! त्यांनी नेमकं टोचलं. फक्त टोक आत गेलं. आत मला पाणी लागलं, आणि ते मला ढकलत होतं! खरंच ढकलत होतं! मी बाहेर आले आणि माझ्यामागून पाण्याची बारीक, सरळ, चमकती तार वर उडाली. वीतभर उंच! माझ्याइतकी उंच! आणि वाकून पाहणाऱ्या वामनरावांच्या चष्म्यावर फर्रर्र!

कारंजं उडतच होतं. वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हलकेच आपलं बोट त्या भोकावर ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

"ढकलतंय," ते म्हणाले. आणि लहान मुलासारखे हसले. "अहो, खरंच ढकलतंय! या, तुम्ही लावून पाहा!"

एकेक सभासद रांग लावून बोट लावू लागला. कारकुनाने टाक पुसून ठेवला.

आमचा कागदी नळ पाऊण तास टिकला. मग नाल्यापाशी मऊ पडला आणि सगळ्यांच्या देखत खचला. पण तोपर्यंत ठराव झाला होता.

खरा नळ मात्र लगेच आला नाही. पावसाळा संपता संपता लढाई सुरू झाली आणि लोखंड महाग झालं, मिळेनासं झालं. दोन वर्षं शरच्चंद्र कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. एकदा तर मला खिशात घालून घेऊन गेला, म्हणाला, तू असलीस की धीर असतो. आणि एका सकाळी या माथ्यावर तोटी बसली. पहिल्यांदा नुसती फुसफुसली, मग खोकली, मग लाल मातीचं पाणी, आणि मग स्वच्छ, जाड धार! देवकीने घागर लावली आणि ती भरून वाहायला लागली तरी तिने ती काढलीच नाही. वामनराव काठी टेकत वर आले होते. त्यांनी तोटीला बोट लावून पाहिलं.

पुढे शरच्चंद्र चांद्याकडे गेला. तिकडेही टेकड्या आहेत आणि तिथल्याही बायका चढ चढतात. निघताना कौशल्याबाईंनी मला त्याच्यापुढे धरलं.

"तुमची सुई, भाऊ."

"राहू द्या. जोडी तुटलेली सुई आहे, एकटीला करमणार नाही तिला माझ्याकडे. आणि बाई, चांद्याला मी सरळ पुंगळ्या मागणार नाही."

आता सेहेचाळीस साल आहे. माझ्या टोपीवरचा आठ झिजून नुसतं शून्यासारखं काहीतरी उरलंय. मधोमध मी किंचित वाकले आहे. कौशल्याबाईंचे केस पिकले, त्यामुळे मी पूर्वीपेक्षा जास्त दिसते. कधी तोटीत मुरमाचा खडा अडकला की मला काढून टोचतात. कधी नवी विडीवाली पोर हात बसवते तेव्हा तिला माझ्यावर कागद वळायला देतात. पोरीचा हात तिरपा जातोच. आणि शेजारीण म्हणते, "फेक वं, बिघडलं." तेव्हा बाई म्हणतात, "फेकू नको. आधी दुसरीत घालून पाहा."

माझंही तुम्हांला एवढंच सांगणं आहे. कोणाचा हात सवयीने वाकडा गेला, तर रागावण्याआधी ती पुंगळी दुसरीत घालून पाहा. आणि मँचेस्टरच्या एखाद्या जुन्या खणात माझ्यासारखी सुई दिसली, तर तिला निरोप द्या. म्हणावं, तुझ्या बहिणीने लोकरीचा एक टाकाही नंतर घातला नाही, पण शंभर घरं विणली.

बघा, रांग सरकली. देवकी घागर लावतेय. पाय अजून पूर्ण बरा नाही तिचा, पण आता उतरावंही लागत नाही. तोटी फुसफुसतेय, खोकतेय...

बाई, जरा मान वर करा ना. मला दिसू द्या!